सांधलेल्या बरणीत शेवंती

लोणच्याची चिनीमातीची बरणी फुटली की ती पुन्हा लोणच्याला चालत नाही. सांध्याच्या फटीत तेल-मीठ मुरतं, शिवाय आंबट, तेलकट पदार्थाला डिंक लागणं बरं नव्हे. फुलांसाठी मात्र तिच्यासारखं भांडं नाही. तळ जड, पोट मोठं, तोंड लहान. त्यामुळे देठ आपोआप एकमेकांना धरून राहतात. फक्त पाण्याची आणि सांध्याची गाठ पडू द्यायची नाही.

फुटलेल्या कडेवर झिलई नसते. तिथली माती उघडी पडते आणि तिच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल बसलेलं असतं. तेलावर डिंक धरत नाही. घरी सांधलेल्या बरण्या पुन्हा निखळतात त्या बहुधा याच कारणाने. म्हणून 1 लिटर कोमट पाण्यात 2 चमचे धुण्याचा सोडा घालून तुकडे रात्रभर भिजवा, ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. वाळल्यावर कडेवर पांढरी पूड दिसली तर ते मुरलेलं मीठ. साध्या पाण्यात पुन्हा भिजवायचं, रोज पाणी बदलायचं.

दोन नळ्यांचा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा डिंक, घ्या. एका नळीतलं रेझिन आणि दुसरीतला हार्डनर अगदी समान काढून दोन मिनिटं घोटा. प्रमाण चुकलं तर काही रेणू जोडीविना उरतात आणि सांधा महिनाभरानेही चिकटच लागतो. एकाच कडेवर पातळ थर द्या. बरणी वाळूच्या घमेल्यात अशी रोवा की तुकडा स्वतःच्या वजनाने सांध्यावर दाबला जाईल. वरून कागदी चिकटपट्टी सांध्याला आडवी लावा. 24 तास हात लावू नका; पौषातल्या थंडीत 48, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की ही रासायनिक क्रिया साधारण निम्म्या वेगाने चालते.

फुटकी भांडी सांधण्याच्या किंत्सुगी या जपानी कलेत सांध्यावर सोन्याची पूड चढवतात. तिथलं उरुशी लाखेसारखं रोगण दमट हवेतच घट्ट होतं, कारण ते वाळत नसून त्यातलं एक विकर (एन्झाइम) ओलाव्याच्या साथीने त्याला घट्ट करतं. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उघड्यावर नीट धरणारच नाही.

इपॉक्सी पक्का झाला तरी सतत पाण्यात राहिला की हळूहळू पाणी शोषतो, आणि ते पाणी माती व डिंक यांच्यामध्ये शिरून पकड सोडवतं. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उरलेली बाटली बरणीत उतरवा. खाली तीन बोटं कोरडी वाळू घाला. बाटली डुगडुगत नाही आणि उंच देठांनी बरणी कलंडत नाही.

आता शेवंती. देठ कापताक्षणी त्याच्या नळ्यांत हवा ओढली जाते आणि हवेचा बुडबुडा पाण्याचा मार्ग अडवतो. म्हणून बादलीत देठ बुडवून पाण्याखालीच दोन सेंटिमीटर तिरका काप द्या. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. ती कुजली की जिवाणू वाढून देठांच्या नळ्या बुजवतात. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट पाणी अल्कधर्मी करतात, आणि देठ किंचित आंबट पाणी जास्त सहज ओढतो. 1 लिटर पाण्यात लिंबाचा रस 2 लहान चमचे, साखर 1 लहान चमचा आणि कपड्यांच्या ब्लीचचे पाच-सहा थेंब पुरतात. ब्लीच न घालता नुसती साखर घातली तर फुलांआधी जिवाणूंचंच पोट भरतं. रस आणि ब्लीच नुसते एकत्र करू नका, विषारी क्लोरीन निघतो. आधी रस भरपूर पाण्यात मिसळा, मग थेंब टाका. दर दोन दिवसांनी पाणी बदला. पिकती केळी बरणीपासून लांब ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

दसऱ्याच्या झेंडूचं गणित वेगळं. फुलाखालचा देठ पोकळ असतो, म्हणून मान लवकर मोडते. देठ आखूडच ठेवा. तो सडतोही पटकन, तेव्हा पाणी चार बोटंच भरा आणि रोज बदला.

रब्बीच्या हंगामात करडई फुलली की पाण्याची गरजच उरत नाही, कारण ती वाळवूनच बरणीत ठेवायची. करडईची पिवळी-केशरी फुलं उमलती असतानाच काट्यांसकट कापा (हातमोजे घाला), पाच-सहा देठांची जुडी सावलीत उलटी टांगा. उलटी यासाठी, की ओला देठ वाळताना फुलाच्या भाराने वाकू नये. दोन-तीन आठवड्यांत ती वाळते. सोबत ज्वारीची कणसं शोभतात, पण ती आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवा, नाहीतर पावसाळ्यात त्यांतले सोंडे घरातल्या धान्यात शिरतात.