डीएनआरवर सही म्हणजे उपचार बंद? तसं नाही

‘डीएनआरवर सही केली की डॉक्टर पेशंटकडे बघतही नाहीत’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. डीएनआर म्हणजे ‘डू नॉट रिससिटेट’, हॉस्पिटलमध्ये सही करायचा एक फॉर्म. घरचं माणूस शेवटच्या आजारात असताना तो वाचला की सही करताना हात थरथरणारच.

त्या कागदाचा अर्थ मात्र एवढाच: हृदय किंवा श्वास थांबला, तर ते पुन्हा चालू करण्याची खटपट करायची नाही. ही खटपट म्हणजे छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबणं, विजेचे झटके, घशात नळी. यात थकलेल्या शरीराच्या बरगड्याही मोडू शकतात. आणि हृदय पुन्हा सुरू झालं, तरी मूळ आजार, उदाहरणार्थ सगळीकडे पसरलेला कॅन्सर, तिथेच असतो. म्हणून ही खटपट नाकारणं म्हणजे जीव घेणं नव्हे. मृत्यू आजारानेच येतो.

वेदनाशामक औषधं, ऑक्सिजन, अँटिबायोटिक, सुकलेले ओठ ओले करणं, कूस बदलणं, यातलं काहीही या सहीमुळे बंद होत नाही. खात्री करायची तर फॉर्म नीट वाचा, नेमकं काय नको म्हटलंय ते बघा. डॉक्टरांना थेट विचारा, ‘उद्या ताप आला तर काय कराल?’ उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. मत बदललं तर निर्णय मागेही घेता येतो. आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर आधी त्यालाच विचारायचं.