नाव, मोबाइल, पत्ता : एकदाच तयार करा, सगळ्या फॉर्मना जोडा

तुमच्या वेबसाइटवर किती फॉर्म आहेत, एकदा मोजून पाहा. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्याच्या साइटवर मालाची चौकशी, सर्व्हिसची तक्रार, डीलरशिप आणि नोकरीचा अर्ज असे तीन-चार तरी निघतातच. सगळ्यांची सुरुवात तीच : नाव, मोबाइल, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. पण हे फॉर्म वेगवेगळ्या वेळी बनलेले असतात. त्यामुळे एकात ‘मोबाइल’, दुसऱ्यात ‘फोन नं.’, एकात पिनकोड सक्तीचा, तर दुसऱ्यात विचारलेलाच नाही.

असे सामाईक प्रश्न आम्ही एकाच जागी तयार करून ठेवतो. त्याला आम्ही प्रश्नसंच म्हणतो. नवा फॉर्म करताना प्रश्न पुन्हा टाकायचे नाहीत, संच जोडायचा. संचात केलेली दुरुस्ती तो जोडलेल्या प्रत्येक फॉर्ममध्ये आपोआप दिसते.

जिल्ह्यांची यादीच घ्या. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या अहमदनगरचे अहिल्यानगर. प्रत्येक फॉर्मची यादी वेगळी असेल, तर एखाद्या फॉर्ममध्ये जुने नाव हमखास राहून जाते. संचात ते एकदाच बदलावे लागते. जुन्या नोंदींचाही विचार करावा लागतो. यादीत दिसणारे नाव आणि आत साठवला जाणारा कोड आम्ही वेगळे ठेवतो. नाव बदलले तरी कोड तोच राहतो, म्हणून जिल्हावार हिशेब काढताना एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी होत नाहीत.

मोबाइल नंबरवर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतो. आपल्याकडचा नंबर दहा अंकी, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. पण कुणी आधी शून्य लावतो, कुणी अधिक ९१, कुणी मध्ये जागा सोडतो, आणि मराठी कीबोर्ड वापरणारे सरळ देवनागरी अंक लिहितात. देवनागरी अंक दिसले की कित्येक फॉर्म ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणून अडवतात. निफाडच्या शेतकऱ्याने आपल्या लिपीत नंबर लिहिला म्हणून त्याची चौकशी तुमच्यापर्यंत पोहोचू नये, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. आमचा संच हे सगळे प्रकार स्वीकारतो आणि एकाच पद्धतीने साठवतो. चौकशी करणारा आणि नंतर तक्रार नोंदवणारा ग्राहक एकच आहे, हे मग एक्सेलमध्ये लगेच जुळते.

मात्र संच लहानच ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. जीएसटी क्रमांक डीलरला विचारायचा, जन्मतारीख नोकरीच्या उमेदवाराला. तयार आहे म्हणून ती तक्रारीच्या फॉर्ममध्ये विचारू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती ठरलेल्या कामापुरती आणि त्यासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली आहे. म्हणूनच संमतीची ओळ आम्ही संचात घालत नाही. ती प्रत्येक फॉर्मच्या कामाप्रमाणे वेगळी लिहितो.

एखादा प्रश्न एका फॉर्ममध्ये सक्तीचा आणि दुसऱ्यात ऐच्छिक ठेवता येतो. एकाच फॉर्मपुरते शब्द बदलायचे असतील तर संचाची वेगळी प्रत करून देतो. मात्र पुढच्या दुरुस्त्या त्या प्रतीत आपोआप येणार नाहीत. संचातून प्रश्न काढला तर तो सगळीकडूनच जातो, म्हणून काढण्याआधी तो कुठे कुठे जोडला आहे याची यादी आम्ही तुम्हाला दाखवतो आणि तुमचा होकार आल्यावरच पुढे जातो.

सुरुवात करायची असेल तर साइटवरच्या सगळ्या फॉर्मच्या लिंक आणि प्रत्येकाच्या एक्सेलमधली फक्त शीर्षकांची ओळ पाठवा. ग्राहकांची नावे किंवा नंबर पाठवू नका, त्यांची आम्हाला गरज नाही. फॉर्म एकेक करून बदलले जातील. तोपर्यंत जुने चालूच राहतील.