लायसन्सची मुदत संपल्यावर मिळणारं ‘एक वर्ष’ गाडी चालवण्यासाठी नाही

लायसन्स गेल्या आठवड्यात संपलं आहे आणि गाडी मात्र रोज रस्त्यावर आहे, असं सांगणारे लोक मला सतत भेटतात. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘महिनाभर चालतं हो, सवलत असते.’ ती सवलत होती, हे खरं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४ मध्ये, मुदत संपल्यावरही लायसन्स ३० दिवस चालू धरावं, असं म्हटलेलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं ती तरतूदच काढून टाकली. आता कार्डावरची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे लायसन्स नसतं.

बदल लोकांपर्यंत पोचला नाही, याला कारणही आहे. तेव्हा सगळी चर्चा वाढलेल्या दंडांची झाली आणि महाराष्ट्रानं ते वाढीव दंड डिसेंबर २०२१ पर्यंत लागू केले नाहीत. त्यामुळे ‘नवा कायदा आपल्याकडे नाही’ असा समज पसरला. राज्यानं थांबवले होते ते दंडाचे आकडे. मुदत आणि नूतनीकरणाचे नियम १ सप्टेंबर २०१९ पासूनच लागू आहेत.

एक वर्ष आधी, एक वर्ष नंतर

गोंधळ इथं सर्वांत जास्त होतो, म्हणून सावकाश वाचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. यातलं नंतरचं वर्ष हे अर्ज करण्यासाठी आहे. त्या काळात चाचणी न देता नूतनीकरण होतं, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात गाडी चालवली तर ती विनालायसन्सच धरली जाते आणि त्याला ५,००० रुपये दंड आहे.

दंड भरून माणूस सुटतो. अपघात झाला तर सुटत नाही. कलम १५ प्रमाणे नूतनीकरण हे नूतनीकरणाच्या तारखेपासून लागू होतं, मागच्या तारखेपासून नाही. म्हणजे लायसन्स मार्चमध्ये संपलं, जूनमध्ये अपघात झाला आणि जुलैमध्ये नवं कार्ड हाती आलं, तरी जूनमध्ये तुमच्याकडे लायसन्स नव्हतं ते नव्हतंच. विमा कंपनी पहिलं बोट इथंच ठेवते. समोरच्या जखमी माणसाची भरपाई कंपनीनं भरली, तरी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयं तिला देतात. घर विकायची पाळी येऊ शकते, आणि हे मी घाबरवायला लिहीत नाही.

संपून एक वर्ष उलटलं की परत मैदानावर उतरून चाचणी द्यावी लागते. पूर्वी ही मर्यादा पाच वर्षांची होती. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला परत ‘आठ’चा आकडा काढायला सांगितलं की त्याला अपमान वाटतो. पण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

मुदत नेमकी किती?

‘लायसन्स वीस वर्षांचं असतं’ हेही जुनं झालं. आता वयाची तिशी गाठण्याआधी काढलेलं लायसन्स चाळिसाव्या वाढदिवसापर्यंत चालतं. तीस ते पन्नासच्या आत असाल तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नच्या आत असाल तर साठीपर्यंत. पंचावन्न किंवा त्यापुढे दर वेळी पाच वर्षं. दुरुस्तीच्या आधी काढलेल्या कार्डावर जी तारीख छापली आहे तीच धरायची, नव्या हिशोबानं ती बदलत नाही.

कार्डावर दोन तारखा असू शकतात, एनटी आणि टीआर. एनटी म्हणजे खासगी गाडी, टीआर म्हणजे व्यावसायिक. टीआरची मुदत पाच वर्षं असते, पूर्वी तीन होती. रिक्षा-टेंपो चालवणारे पुष्कळदा लांबची तारीख वाचून निर्धास्त राहतात आणि ती निघते एनटीची. इथं एक दिलाशाची गोष्ट सांगतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाचं व्यावसायिक वाहन हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्हीच्या, लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. पण त्यासाठी ते एलएमव्हीचं लायसन्स तरी चालू असायला हवं.

डॉक्टरचा दाखला

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते इथं. वय चाळीसच्या पुढे असेल किंवा लायसन्स व्यावसायिक असेल, तर फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. चाळिशीच्या आतल्या खासगी चालकाला फॉर्म १ मधलं स्वतःचं घोषणापत्र पुरतं.

लोक काय करतात, तर झेरॉक्सच्या दुकानातून कोरा फॉर्म आणून ओळखीच्या डॉक्टरची सही-शिक्का घेतात. महाराष्ट्रात हा दाखला डॉक्टरनं स्वतःच्या लॉगिनवरून सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या कामांच्या सरकारी संकेतस्थळावर, भरायचा असतो, आणि ते लॉगिन सगळ्या डॉक्टरांकडे नसतं. म्हणून जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा: ‘आरटीओचा दाखला ऑनलाइन भरता का?’ पोर्टलवर अर्ज केल्यावर मिळालेला अर्ज क्रमांक सोबत न्या, त्याशिवाय डॉक्टरलाही पुढं जाता येत नाही.

आणि तपासणी खरोखर करून घ्या. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रात्री दिसतं का, हॉर्न ऐकू येतो का, हे त्या फॉर्ममधले प्रश्न आहेत. आईवडिलांचं लायसन्स नवं करत असाल तर ‘सही करून टाका डॉक्टर’ म्हणू नका. मोतीबिंदू या निमित्तानं लक्षात आला तर बरंच आहे.

नाव, मोबाइल आणि जुनं पुस्तक

आधारनं ओळख पटवली तर बरीच कामं आरटीओत न जाता होतात. अट एकच, दोन्हीकडचा तपशील जुळला पाहिजे. आपल्याकडे तो जुळत नाही. लायसन्सवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. बायकांच्या लायसन्सवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो, लग्नपत्रिकेनं भागत नाही. तो दाखला काढायलाच वेळ जातो, म्हणून मुदतीच्या वर्षभर आधी कागद जुळवायला घ्या.

मोबाइलचा घोळ याहून वाईट. दहा वर्षांपूर्वी एजंटनं लायसन्स काढून दिलेलं असतं आणि नोंदीत नंबर त्याचाच. ओटीपी त्याच्या फोनवर जातो. सारथीवर मोबाइल नंबर बदलण्याची वेगळी सोय आहे, ते काम सर्वांत आधी करा. एजंटकडून काम करून घ्यायला माझी ना नाही, पण नंबर तुमचाच टाकायला लावा.

लायसन्स म्हणजे हातानं लिहिलेलं जुनं पुस्तक असेल तर ते पोर्टलवर दिसणारच नाही. मूळ आरटीओनं त्याची नोंद संगणकावर चढवावी लागते, याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. लायसन्स रत्नागिरीचं आणि राहणं पुण्यात, अशा माणसाला यासाठी खेपा पडतात. चूक खात्याच्या अर्धवट राहिलेल्या कामाची आणि रजा बुडते नागरिकाची, याचा मला राग आहे. तरी पुस्तक फाटण्याआधी ते काम उरका.

प्रत्यक्ष अर्ज

हा भाग सोपा. सारथी पोर्टल, राज्य निवडा, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाका, नूतनीकरण निवडा, कागद चढवा, पैसे भरा, पावती जपा. नूतनीकरणाचे २०० आणि स्मार्ट कार्डचे २०० रुपये, टपालखर्च वेगळा, उशीर झाला तर जादा शुल्क. संकेतस्थळाच्या नावात ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, तेवढं पाहा. व्हॉट्सअॅपवर आरटीओच्या नावानं आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप चढवणारी फाइल, उघडू नका, त्यातून बँक खाती रिकामी झाली आहेत.

परदेशी जाणाऱ्यांनी निघण्याआधी तारीख तपासावी. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या चालू लायसन्सवरच मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मुदत संपायला वर्षाहून कमी राहिलं असेल तर जाण्याआधीच नूतनीकरण करून घ्या.

कार्ड टपालानं घरी येतं. अर्जातला पत्ता जुना असेल किंवा दिवसभर घराला कुलूप असेल तर ते परत जातं, आणि मग ओळखपत्र घेऊन आरटीओत शोधत फिरावं लागतं. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये लायसन्स उतरवून ठेवा. तिथली प्रत कायद्यानं मूळ कार्डाइतकीच ग्राह्य आहे. फोटो काढून गॅलरीत ठेवलेली प्रत मात्र धरली जात नाही.