रताळ्याला काय म्हणतात, त्यावरून शहर ओळखा

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला एक मित्र राहतो, त्याच्याकडे गेलं की जॅक्सन हाइट्सची एक फेरी ठरलेली असते. ७४व्या रस्त्यावर आपली दुकानं आहेत, कढीपत्ता, इडली रवा, हवं ते मिळतं, आणि तिथून दोन मिनिटं चाललं की रूझवेल्ट अव्हेन्यू, डोक्यावरून ७ नंबरची ट्रेन धडधडत जाते आणि खाली पाट्यांपासून भांडणांपर्यंत सगळं स्पॅनिश. तिथल्या एका भाजीच्या दुकानात टोपलीवर पाटी होती "बताता" आणि आत चक्क रताळी! मला वाटलं पाटी चुकून दुसऱ्या टोपलीवर लागली. गल्ल्यावरचा माणूस डोमिनिकन होता, तो म्हणाला बरोबरच आहे, हाच बताता. रांगेत मागे उभी असलेली मेक्सिकन बाई लगेच म्हणाली, छे, ह्याला कामोते म्हणतात.

दोघंही बरोबर होते. बताता हा कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा शब्द आणि मुळात तो रताळ्यासाठीच होता, पोर्तुगीजांनी तो उचलला, पुढे बटाट्याला चिकटवला आणि आपल्याकडे आणून सोडला. म्हणजे आपण वड्यात जो घालतो तो शब्द खरं तर रताळ्याचा. कामोते आला मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून, मूळ शब्द कामोत्ली. आणि क्यूबन माणसाला विचाराल तर तो तिसरंच सांगेल, बोनियातो. त्यामुळे माझा आपला एक घरगुती नियम झालाय, दुकानात रताळ्याला बताता म्हणत असतील तर बहुतेक न्यूयॉर्क, कामोते म्हणत असतील तर लॉस एंजेलिस किंवा टेक्सास, बोनियातो म्हणत असतील तर मायामी.

आता मुख्य प्रश्न, ज्यावरून अमेरिकेत लोकं तावातावाने भांडतात, सगळ्यात "हिस्पॅनिक" (म्हणजे ढोबळमानाने स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या लोकांचं) शहर कुठलं? वाटतं तितकं सोपं नाही, कारण उत्तर तुम्ही कुठली पट्टी लावता त्यावर ठरतं. नुसती डोकी मोजली तर २०२०च्या जनगणनेत न्यूयॉर्क पहिलं, जवळजवळ २५ लाख. लॉस एंजेलिस शहरात १८ लाखांच्या आसपास, ह्यूस्टन १० लाख, सॅन अँटोनियो ९ लाखांवर. पण टक्केवारी काढली की न्यूयॉर्क एकदम खाली घसरतं, तिथे २८ टक्केच, लॉस एंजेलिस ४७, सॅन अँटोनियो ६४, मायामी ७०. आणि मायामीला लागून असलेलं हायलीया किंवा टेक्सासच्या सीमेवरचं लारेडो बघाल तर ९५ टक्क्यांच्या घरात! गंमत म्हणजे ह्याच लारेडोत १८९८पासून जॉर्ज वॉशिंग्टनचा वाढदिवस साजरा होतो, तोसुद्धा काही आठवडे, मुली प्रचंड जड घागऱ्यांत मिरवतात आणि एकीकडे हालापेन्यो मिरचीचा उत्सव चालू असतो. आता ह्याला हिस्पॅनिक संस्कृती म्हणायचं की अमेरिकन, मला तरी दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

वर हद्दीचा घोळ आहेच. मायामी "शहर" म्हणजे फक्त साडेचार लाखांची वस्ती, बाकी सगळा पसारा मायामी-डेड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). लॉस एंजेलिसचं तर असं की ईस्ट लॉस एंजेलिस, जिथे जवळजवळ सगळेच मेक्सिकन वंशाचे, ते लॉस एंजेलिस शहरात मोडतच नाही. शहर सोडून काउंटी धरली तर लॉस एंजेलिस काउंटीत ४८ लाख हिस्पॅनिक, अख्ख्या अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांत पहिला नंबर, आणि न्यूयॉर्कवाल्यांचा दावा तिथेच पडतो.

पण त्याआधीचा प्रश्न, हिस्पॅनिक म्हणजे नक्की कोण? मेक्सिको सिटीत कोणी स्वतःला हिस्पॅनिक म्हणवून घेत नाही, अमेरिकेत गेल्यावर माणूस हिस्पॅनिक होतो, जसा आपला माणूस तिथे जाऊन साउथ एशियन होतो. १९३०च्या जनगणनेत "मेक्सिकन" हा चक्क वंश म्हणून लिहिला होता, पुढच्या खेपेला काढून टाकला. १९७०ला नमुन्यादाखल काही घरांना हिस्पॅनिक मुळाबद्दल विचारलं आणि त्यात एक पर्याय होता "सेंट्रल ऑर साउथ अमेरिकन", झालं, देशाच्या मधल्या नि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या साध्या गोऱ्या लोकांनी बिनदिक्कत त्याच्यावर खूण केली, आम्ही मध्य अमेरिकेतलेच की! हा प्रश्न सगळ्या घरांना विचारला गेला १९८०ला. आणि त्याच १९८०च्या फॉर्मवर "एशियन इंडियन" हा चौकोन पहिल्यांदा आला, त्याआधी १९७०ला आपल्या लोकांना गोऱ्यांत मोजत होते.

अजूनही गोंधळ संपलेला नाही. ब्राझीलचे लोकं पोर्तुगीज बोलतात म्हणून सरकारी व्याख्येत बसत नाहीत, कोणी स्वतः लिहिलं तरी ऑफिसात ते बदललं जातं, पण २०२०च्या एका मोठ्या सर्व्हेत माहिती तपासताना हे बदलायचं राहून गेलं आणि चार लाखांहून जास्त ब्राझिलियन हिस्पॅनिक म्हणून मोजले गेले. चूक कारकुनी, पण त्यातून हे कळलं की एवढे लोकं स्वतःहून तसं लिहितात.

आता माझी आवडती पट्टी. शहरातली कुठलीही दोन हिस्पॅनिक माणसं चिठ्ठी काढून उचलली तर ती वेगवेगळ्या देशांतून आलेल्या घरांतली असण्याची शक्यता किती? सगळे एकाच देशाचे असतील तर शून्य, दोन देशांचे अर्धे-अर्धे असतील तर ५० टक्के, पाच देशांचे सारखे असतील तर ८०. जंगलात किती जातींची झाडं आहेत हे मोजायला जीवशास्त्रवाले हेच गणित वापरतात. ह्या पट्टीवर लारेडो जवळजवळ तळाला जातं, कारण तिथे बहुतेक सगळे मेक्सिकन मुळाचे. आणि न्यूयॉर्क वर येतं, डोमिनिकन, पोर्तोरिकन, एक्वादोरचे, कोलंबियन, मेक्सिकन, सगळे एकाच ट्रेनच्या डब्यात. माझं मत विचाराल तर केंद्र म्हणायचं ते इथे, कारण वेगवेगळ्या गावचे लोकं एकमेकांवर आदळल्याशिवाय नवीन काही तयार होत नाही. साल्सा म्हणून जगभर जे वाजलं ते क्यूबन पायावर मुख्यतः पोर्तोरिकन पोरांनी न्यूयॉर्कमध्ये उभं केलं, हवानात नाही.

आदळल्यावर भाषेचं काय होतं ते रिकार्डो ओतेगी आणि आना सेलिया सेंतेया ह्या दोन भाषाशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये मोजून दाखवलंय. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच आहे, "जेवलो" म्हटलं की "मी" वेगळं सांगावं लागत नाही, क्रियापदच सांगतं. पण कॅरिबियन बेटांवरचे लोकं तरी "मी, तू" जास्त लावतात, मेक्सिको-कोलंबियाकडचे कमी. ह्या दोघांनी न्यूयॉर्कमधल्या लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून प्रत्येक क्रियापदाशी सर्वनाम आहे का नाही ते मोजलं (काय चिकाटी म्हणायची!) आणि दिसलं असं की न्यूयॉर्कमध्येच वाढलेल्यांत सर्वनामं वाढतात, थोडी इंग्लिशची सवय आणि थोडी शेजाऱ्यांची, आणि दोन गटांतला फरक कमी होतो.

सॅन अँटोनियोची गोष्ट उलटी. १७१८ला वसलेलं स्पॅनिश गाव, टेक्सास मेक्सिकोचाच भाग होता, म्हणून तिथले जुने लोकं म्हणतात आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमा आमच्यावरून गेली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं पहिलं स्पॅनिश टीव्ही स्टेशन १९५५ला तिथेच निघालं, जर्मन आणि चेक शेतकऱ्यांकडून घेतलेल्या अकॉर्डियनवर तिथलं संगीत उभं आहे. पण टेक्सासच्या शाळांत पार १९६०च्या दशकापर्यंत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची, फटके पडायचे, मग त्या पिढीने आपल्या पोरांशी घरात इंग्लिशच ठेवलं. आज तिथे आडनाव गार्सिया आणि स्पॅनिश यथातथाच, असे भरपूर भेटतात. म्हणजे ६४ टक्के हा आकडा भाषेचा नाही, मुळाचा आहे.

मायामीत असं झालं नाही. क्यूबातल्या १९५९च्या क्रांतीनंतर जे क्यूबन आले त्यात डॉक्टर, वकील, दुकानदार खूप होते, त्यांना वाटायचं दोन-चार वर्षांत परत जायचंय, त्यामुळे स्पॅनिश सोडायचा प्रश्नच नव्हता. १९६३ला तिथे कोरल वे ह्या सरकारी शाळेत दोन्ही भाषांत शिक्षण सुरू झालं, १९७३ला काउंटीने स्वतःला द्वैभाषिक जाहीर केलं, १९८०ला क्यूबाच्या मारिएल बंदरातून सव्वा लाख लोकं आली आणि त्याच वर्षी मतदारांनी तो ठराव उलटवला, मग १९९३ला तो उलटवलेलाही परत उलटवला. ह्या सगळ्यात तिथलं इंग्लिशच बदललं. स्पॅनिशमध्ये गाडीतून "उतरतात", म्हणून मायामीची पोरं इंग्लिशमध्येही "गेट आउट ऑफ द कार" न म्हणता "गेट डाउन फ्रॉम द कार" म्हणतात, ज्यांना स्पॅनिश धड येत नाही तीसुद्धा. फिलिप कार्टर नावाच्या तिथल्याच भाषाशास्त्रज्ञाने असे प्रयोग तपासले तर मायामीकरांना त्यात फारसं खटकत नाही, बाहेरच्यांना जास्त खटकतं. मला तर त्यात काय चूक आहे हेच आधी कळलं नव्हतं, आयुष्यभर बसमधून गेट डाउनच होत आलोय.