तळहाताच्या गाठीवर किरणोपचार : अमेरिकेत रुग्णाला किती मोजावे लागतात आणि का

अनामिका किंवा करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या त्वचेखाली, एक कठीण गाठ हाताला लागते. ती फारशी दुखत नाही, म्हणून बरेच दिवस तिच्याकडे कोणी लक्षही देत नाही. पुढे काहींच्या बाबतीत त्या गाठीपासून बोटाकडे सुतळीसारखी एक दोरी तयार होते, ती आवळत जाते आणि बोट तळव्याकडे ओढले जाऊन सरळ होईनासे होते. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक ड्युपुइत्रां यांनी १८३१ मध्ये या विकारावर शस्त्रक्रिया करून त्याचे विवेचन केले, त्यामुळे त्याला त्यांचेच नाव मिळाले. इंग्रजी उच्चारामुळे आपल्याकडचे डॉक्टर त्याला ‘ड्युपिट्रेन’ म्हणतात. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो विशेष आढळतो. मार्गारेट थॅचर आणि रोनाल्ड रेगन या दोघांवरही त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती. भारतीय वंशाच्या लोकांत तो विरळ आहे, मात्र मधुमेह असलेल्यांत त्याचे प्रमाण वाढते आणि तेव्हा तो बहुधा सौम्य रूपात दिसतो.

या गाठीवर क्ष-किरणांचा उपचार करतात हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, कारण किरणोपचार म्हटला की कर्करोगच डोळ्यांसमोर येतो. ड्युपिट्रेन हा कर्करोग नव्हे. तळहाताच्या त्वचेखाली तंतुमय ऊतीचा एक पडदा असतो. त्यातील मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी वेगाने वाढतात, कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन तयार करतात आणि स्वतः आकुंचन पावून ते ताणून धरतात. वाढत्या पेशी किरणांना संवेदनशील असतात, म्हणून गाठ नवी आणि वाढती असताना दिलेले किरण ही वाढ थोपवू शकतात. एकदा दोरी पक्की झाली की तिच्यात पेशी थोड्या आणि कोलॅजेन फार उरते. अशा दोरीवर किरणांचा प्रभाव पडत नाही आणि वाकलेले बोट तर त्यांनी मुळीच सरळ होत नाही. म्हणून हा उपचार सुरुवातीच्या अवस्थेपुरताच आहे: नुसती गाठ असताना, किंवा बोटाचा वाक १० अंशांच्या आत असताना.

जर्मनीत रुळलेली पद्धत अशी आहे. दररोज ३ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) याप्रमाणे ५ दिवस किरण द्यायचे, सुमारे १० ते १२ आठवडे थांबायचे आणि तोच ५ दिवसांचा क्रम पुन्हा करायचा. एकूण मात्रा ३० ग्रे होते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच पडतात. त्वचा कोरडी होणे, लाल होणे, पुढे ती पातळ पडणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याची शक्यता अल्प मानली जाते, पण ती शून्य नाही, आणि तरुण रुग्णाच्या बाबतीत ती विचारात घ्यावीच लागते.

आता बिलाकडे वळू. अमेरिकेत ‘हाताच्या किरणोपचाराची किंमत’ अशी एकच रक्कम कोठेही लिहिलेली नसते. पहिली तपासणी, किरण नेमके कोठे द्यायचे याची आखणी, उरलेला हात झाकण्यासाठी शिशाचे किंवा मिश्रधातूचे खास आवरण, मात्रेचे गणित, भौतिकतज्ज्ञाची पडताळणी, प्रत्येक दिवसाचे किरण आणि दर पाच दिवसांमागे डॉक्टरांची देखरेख, यांतील प्रत्येकाला स्वतंत्र कोड, म्हणजे बिलात लिहायचा सांकेतिक क्रमांक, असतो आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे लागतात. उपचाराचे दोन क्रम असल्याने यातील बऱ्याच ओळी बिलात दोनदा उमटतात. दोन्ही हातांवर उपचार असेल तर आवरणे आणि गणितेही वाढतात. उपचार रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झाला तर बहुधा दोन बिले येतात, एक रुग्णालयाचे आणि दुसरे डॉक्टरांचे. स्वतंत्र केंद्रात झाला तर अनेकदा दोन्ही एकत्र आणि पुष्कळदा कमीही असतात.

यंत्राच्या निवडीनेही रक्कम बदलते. ही गाठ त्वचेपासून काही मिलिमीटरवर असते, त्यामुळे वरवर पोहोचणारे कमी ऊर्जेचे क्ष-किरण तिला पुरतात. पण अशी साधी यंत्रे अनेक मोठ्या केंद्रांतून नाहीशी झाली आहेत आणि कर्करोगासाठी घेतलेल्या, लाखो डॉलर किमतीच्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवरच इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून हे काम होते. मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना वरवरच्या क्ष-किरणांच्या कोडला अगदी थोडे पैसे देते आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या कोडला बरेच जास्त. गाठीवर पडणारे ग्रे तेवढेच राहतात. बदलते ती यंत्राच्या घसाऱ्याची आणि जागेच्या भाड्याची वसुली. मला यातील सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते.

त्यातही बिलावर छापलेली रक्कम म्हणजे रुग्णाने द्यायची रक्कम नव्हे. रुग्णालयाचा जाहीर दर एक असतो आणि विमा कंपनीशी ठरलेला मान्य दर त्याहून बराच कमी असतो. जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांनी दोन्ही दर जाहीर करावेत असा नियम आहे, मात्र त्या अजस्र याद्यांतून आपल्या कोडची ओळ शोधणे सामान्य माणसाला अवघड जाते. रुग्णाचा हिस्सा मान्य दरावरून ठरतो: आधी वर्षाचे डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे सुरू होण्यापूर्वी स्वतः भरायची रक्कम, आणि त्यानंतर उरलेल्या खर्चातील ठरावीक टक्के.

येथे उपचाराचे वेळापत्रक रुग्णाच्या खिशाला थेट भिडते. समजा, प्रत्येक क्रमाचा मान्य दर ३,००० डॉलर आहे, डिडक्टिबल २,००० डॉलर आहे आणि त्यापुढे रुग्णाचा वाटा २० टक्के आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. दोन्ही क्रम एकाच वर्षात झाले, तर रुग्ण २,००० आणि उरलेल्या ४,००० वरचे ८०० असे एकूण २,८०० डॉलर भरतो. पहिला क्रम नोव्हेंबरात आणि दुसरा फेब्रुवारीत झाला, तर जानेवारीत डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून सुरू होते. मग प्रत्येक वेळी २,२०० म्हणजे एकूण ४,४०० डॉलर जातात. उलट, ज्याचे त्या वर्षीचे डिडक्टिबल गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसारख्या दुसऱ्या खर्चात आधीच संपले आहे, त्याला हाच उपचार १,२०० डॉलरमध्ये पडतो. एकाच केंद्रात, त्याच यंत्रावर, तीच मात्रा घेतलेल्या दोन रुग्णांनी सांगितलेले आकडे जुळत नाहीत, त्याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे.

६५ वर्षांपुढील बहुतेकांना मेडिकेअर लागू असते आणि हा आजार उतारवयाकडे झुकणारा असल्याने अनेक रुग्ण त्याच वयोगटातील असतात. मेडिकेअरच्या ब विभागाचे (डॉक्टरांच्या आणि बाह्यरुग्ण सेवांसाठीचा भाग) २०२५ चे डिडक्टिबल २५७ डॉलर होते. त्यापुढे मान्य रकमेचे ८० टक्के योजना भरते आणि साधारणपणे २० टक्के रुग्णाकडे राहतात. या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही, म्हणून बरेच जण पूरक विमा घेतात आणि मग त्यांना जवळजवळ काहीच द्यावे लागत नाही. खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर योजनांमध्ये मात्र पूर्वमंजुरीची अट सर्रास असते.

पूर्वमंजुरीतच पुष्कळांचे घोडे अडते. विमा कंपनी ‘हा उपचार अद्याप प्रायोगिक आहे’ असे कळवते, आणि तिचे म्हणणे सर्वस्वी चूक म्हणता येत नाही. जर्मनीतील एर्लांगेन येथील डॉक्टरांनी २०१० मध्ये १३५ रुग्णांच्या २०८ हातांचा साधारण १३ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५९ टक्के हात होते तसे राहिले, १० टक्के सुधारले आणि ३१ टक्क्यांत आजार पुढे गेला. नुसत्या गाठीच्या अवस्थेत उपचार झालेल्या हातांपैकी ८७ टक्के हात स्थिर राहिले किंवा सुधारले. हे आकडे उत्साहवर्धक दिसतात, पण त्या अभ्यासात उपचार न घेतलेल्यांचा तुलनागट नव्हता, आणि अनेक गाठी काही न करताही वर्षानुवर्षे तशाच राहतात. किरणांमुळे थांबले किती आणि आपोआप थांबले किती, हे अशा आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही पुरावा अपुरा असल्याचे नमूद करून हा उपचार विशेष व्यवस्थेतच, म्हणजे रुग्णाला अनिश्चितता समजावून संमती घेऊन आणि परिणामांची नोंद ठेवून, करावा, असे २०१६ मध्ये सांगितले. जर्मनीत मात्र कर्करोगाखेरीज अन्य विकारांसाठी किरण देण्याची परंपरा जुनी असून दरवर्षी हजारो रुग्ण असे उपचार घेतात.

म्हणून केवळ रकमा ताडून पाहणे पुरेसे नाही. वाकलेल्या बोटावर सुईने दोरी तोडण्याचा उपाय आहे, शस्त्रक्रिया आहे आणि २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले, दोरीतील कोलॅजेन विरघळवणाऱ्या कोलॅजेनेजचे इंजेक्शन आहे, ज्याच्या एका कुपीची किंमत तेव्हा ३,२५० डॉलर होती. पण हे उपाय बोट वाकल्यानंतरचे आहेत. किरणोपचार घेणारा रुग्ण कदाचित कधीच न येणाऱ्या त्रासासाठी आज पैसे मोजत असतो. गाठ गेल्या सहा महिन्यांत किंवा वर्षभरात वाढल्याचे दिसत असेल तर त्या पैशाला अर्थ आहे. ती अनेक वर्षे जशीच्या तशी असेल तर नुसती नजर ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि त्याचे बिलही येत नाही.

उपचार घ्यायचे ठरलेच, तर बरीचशी मेहनत पहिल्या क्रमाआधी करावी लागते. निदानाचा कोड एम ७२.०, दोन्ही क्रमांतील सर्व सेवांचे कोड आणि त्यांची संख्या केंद्राकडून लेखी घेऊन विमा कंपनीला मान्य दर विचारता येतो. मंजुरी नाकारली गेली, तर आधी कंपनीकडे आणि नंतर बहुतेक योजनांत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे दाद मागता येते. अशा वेळी गाठ वाढत असल्याची तारखांसह टिपणे आणि छायाचित्रे उपयोगी पडतात. विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाला २०२२ पासून खर्चाचा लेखी अंदाज आधी मिळण्याचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिकने फुगले तर बिल मिळाल्यापासून १२० दिवसांत त्याविरुद्ध तक्रार दाखल करता येते.