गोडी कशी लागते? वर्गातल्या प्रेरणेची दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे जोतीराव फुल्यांचे, सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढील निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी नेहमी उद्धृत होते. त्यातला आणखी एक मुद्दा मात्र सहसा कोणी वाचत नाही. निकाल पाहून शाळेला पैसे देण्याची पद्धत तेव्हा चालू होती. गरीब, अशिक्षित समाजात शिक्षण वाढवायला ती मुळीच उपयोगाची नाही, असे फुल्यांनी लिहिले आणि कारणही दिले: या लोकांत शिक्षणाची गोडी अजून निर्माणच झालेली नाही. निवेदन इंग्रजीत आहे, पण तिथल्या शब्दाला मराठीत ‘गोडी’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. बी.एड.च्या पुस्तकांत ‘अभिप्रेरणा’ असते. शिक्षकांच्या खोलीत बोलणे मात्र गोडीचेच चालते.

गंमत अशी की त्याच निवेदनात फुले शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे मागतात. म्हणजे बक्षिसाला त्यांचा विरोध नव्हता. मास्तरांचा पगार १२ रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा आणि जास्त मुले पास करणाऱ्याला पगाराव्यतिरिक्त काही भत्ता मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. भाकरी ठरलेली, वर गोडधोड निकालाप्रमाणे. अख्खी भाकरीच निकालावर टांगली, तर जिथे मुलांना शिकण्याची सवयच नाही अशा वस्तीत कोणी शाळा काढायला जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ज्या पद्धतीवर ते बोट ठेवत होते ती इंग्लंडमधून आली होती. तिथले शिक्षण खाते सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये लागू केलेल्या नियमावलीत दर मुलामागे शाळेला वर्षाला जास्तीत जास्त १२ शिलिंग मिळत. त्यातले ४ हजेरीचे आणि ८ परीक्षेचे. मूल वाचन, लेखन, गणित यांपैकी एकात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. तिन्हींत नापास झाले की ८ शिलिंग गेले. पुढे काय झाले ते सांगायला ज्योतिषी नको. शिक्षकांनी सारा जोर या तीन गोष्टींवर लावला आणि इतिहास, भूगोल मागे पडले. वाचनाची परीक्षा ठरलेल्या पुस्तकातून होत असल्याने मुले ते पुस्तक तोंडपाठ करून इन्स्पेक्टरपुढे ‘वाचून’ दाखवत. स्वतः इन्स्पेक्टर असलेले मॅथ्यू आर्नल्ड या यांत्रिकपणाविरुद्ध आपल्या अहवालांत सतत लिहीत राहिले. इंग्लंडने १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत काढली. हंटर आयोगाने मात्र प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावरच ठेवावे अशी शिफारस केली. मागास भागांतल्या शाळांपुरता अपवाद सुचवला. कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक ठरावानंतर, आपल्याकडेही ती मागे पडली. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार म्हटल्यावर शाळेत उडणारी धांदल मात्र पुढच्या पिढ्यांनीही पाहिली.

यानंतर हा विषय काही काळ प्रयोगशाळेत गेला. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये उपाशी मांजरांना पिंजऱ्यात ठेवून दाखवले की ज्या हालचालीनंतर सुटका आणि अन्न मिळते ती पक्की होत जाते. यावरून परिणामाचा नियम आला: सुखद परिणामाने वर्तन रुजते, दुःखद परिणामाने उखडते. वर्गात त्याचे भाषांतर झाले शाबासकी आणि छडी. पण १९३० च्या सुमारास थॉर्नडाइक यांनीच या नियमाचा दुसरा अर्धा भाग सैल केला. बक्षिसाने वर्तन जितके पक्के होते तितके शिक्षेने पुसले जात नाही, असे त्यांना दिसले होते. छडीचे समर्थन करणाऱ्यांपर्यंत ही दुरुस्ती काही पोचली नाही.

एलिझाबेथ हरलॉक यांचा १९२५ चा प्रयोग आजही वर्गात करून पाहण्याजोगा आहे. मुलांचे चार गट करून त्यांना पाच दिवस बेरजा सोडवायला दिल्या. एका गटाचे रोज सर्वांसमोर कौतुक, दुसऱ्याला रोज बोलणी. तिसऱ्याला काहीच नाही. तो फक्त इतरांचे ऐकत बसलेला. चौथा वेगळ्या खोलीत. कौतुकाचा गट पाचही दिवस सुधारत गेला. बोलणी खाणारा गट सुरुवातीला उसळला, मग घसरला. ज्यांची दखलच घेतली नाही ते बोलणी खाणाऱ्यांपेक्षाही मागे राहिले. साठ मुलांच्या वर्गात मधल्या बाकांवर बसणाऱ्यांची स्थिती यापेक्षा वेगळी नसते.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. काही मुलांना गणित जमत नव्हते, काहींचे झटकन संपले होते आणि आपले बरोबर की चूक हे त्या क्षणी कोणालाच कळत नव्हते. यातून पुढल्याच वर्षी त्यांचे अध्यापनयंत्र आले. प्रश्न छोटा, उत्तर लगेच तपासून, मगच पुढचा. यंत्र टिकले नाही, पण निरीक्षण खरे होते. सोमवारी सोडवलेली वही शनिवारी लाल शेऱ्यासह परत आली तर त्या शेऱ्याने काही शिकवले जात नाही.

१९५० च्या सुमारास हॅरी हार्लो यांच्या माकडांनी या सगळ्यात खोडा घातला. आकडा, खिटी आणि कडी असलेले कुलूप ती कोणी काही न देता उघडत बसत. आत मनुका ठेवायला लागल्यावर उलट चुका वाढल्या. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना सोडवलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे थांबल्यावर, कोणी पाहत नाही असे वाटून मिळालेल्या आठ मिनिटांत, पैसे घेतलेले विद्यार्थी कोड्यांना कमी हात लावू लागले.

मुलांच्या बाबतीतला नेमका पुरावा १९७३ चा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत स्केचपेनने चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली ५१ मुले निवडली. एका गटाला आधीच प्रशस्तिपत्र दाखवले, सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले, आणि ‘चित्र काढलेस तर हे मिळेल’ असे सांगितले. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र मिळाले, पण चित्र काढून झाल्यावर, अचानक. तिसऱ्याला काही नाही. चित्राला वेळ फक्त सहा मिनिटे. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन मोकळ्या वेळात टेबलावर ठेवले. आमिष दाखवलेल्या मुलांनी आपल्या वेळातला सुमारे ८.६ टक्के वेळ त्यांना दिला. काहीच न मिळालेल्यांनी १६.७ टक्के आणि अचानक मिळालेल्यांनी १८.१ टक्के. म्हणजे बिघाड प्रशस्तिपत्रात नव्हता. ‘काढलेस तर’ या दोन शब्दांत होता.

या निष्कर्षावर बरीच वर्षे भांडण चालले. १९९४ मध्ये जुडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी बक्षिसाचे नुकसान फुगवून सांगितले जाते असे मांडले. १९९९ मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी १२८ प्रयोग एकत्र तपासून ते नुकसान खरे असल्याचे सांगितले. वर्गासाठी कामाची बाब दोन्ही बाजूंना फारशी नाकारता येत नाही: जे काम मुलाला मुळातच कंटाळवाणे वाटते तिथे बक्षिसाने हरवण्यासारखी गोडीच नसते. पाढ्यांना चांदणी द्या, गोष्टीच्या पुस्तकांवर हावरटासारख्या पडणाऱ्या मुलीला देऊ नका.

कौतुकाचीही अशीच चिरफाड झाली. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांना कोडी दिली. काहींना ‘हुशार आहेस’ म्हटले, काहींना ‘मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन पाडले. पुढच्या सोप्या फेरीत हुशार ठरवलेली मुले आधीपेक्षा खाली आली, मेहनती ठरवलेली वर गेली. पुढे याचा फार गाजावाजा झाला. भिंतीवर ‘मी करू शकतो’चे फलक लावले की झाले, इतपत. अमेरिकेत नववीच्या हजारो मुलांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मेहनतीने बुद्धी वाढते या विचाराचे छोटे ऑनलाइन पाठ घेतलेल्या कमी गुणांच्या मुलांचा ग्रेड सरासरी ०.१ गुणाने वाढला. खर्चाच्या मानाने बरे, पण चमत्कार नाही.

लो यांची चूक दीडशे वर्षांनी मुद्दाम तपासून पाहिली ती अमेरिकन अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांनी. त्यांच्या प्रयोगांत न्यूयॉर्कमध्ये चौथीच्या मुलांना एका चाचणीला २५ डॉलरपर्यंत आणि सातवीच्यांना ५० पर्यंत मिळत. शिकागोत नववीच्या मुलांना ग्रेडनुसार. दोन्हीकडे प्रमाणित परीक्षेतले गुण हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे, छोटी प्रश्नमंजूषा सोडवल्यावर, फक्त २ डॉलर. तिथे वाचनाचे आकलन वाढले. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारले, गुण कसे वाढवशील? ती म्हणाली, प्रश्न नीट वाचीन, उत्तरे पुन्हा तपासीन. रोज अभ्यास करीन, बाईंना अडलेले विचारीन, असे कोणाला सुचले नाही. पैसे हवे होते, वाट माहीत नव्हती.

आपल्याकडे याच काळात दोर वेगळ्या खुंट्यांना बांधले गेले. १९९५ मध्ये शालेय पोषण आहार आला तेव्हा ८० टक्के हजेरीवर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. मूल हजेरी लावण्यापुरते आले तरी पोते भरे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला आणि ते बक्षीस न राहता जेवण झाले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने एप्रिल २०१० पासून छडी आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. महाराष्ट्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. त्यातल्या आकारिक नोंदींचा, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता करायच्या नोंदींचा, हेतू स्किनरच्याच तक्रारीवरचा उपाय होता: मुलाला लगेच, त्याच्या कामाविषयी सांगायचे. पण नोंदी वर्षअखेरीस तयार पुस्तिकेतून उतरवल्या गेल्या, तेव्हा ‘उपक्रमात आवडीने सहभागी होतो’ हे वाक्य चाळीस मुलांपुढे सारखेच दिसू लागले.

तिसरीतल्या मुलाची पाटी पाहा. ५२ वजा २८, उत्तर ३६. मुलाने ८ मधून २ काढले, ५ मधून २ काढले. मोठ्यातून लहान काढायचे एवढेच त्याला ठाऊक आहे. त्याला चॉकलेट कबूल केले तर तो ३६ जास्त सुवाच्य अक्षरात लिहील. शिक्षा केली तर शेजाऱ्याच्या पाटीवरून २४ उतरवील. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि आठ सुट्या मागितल्या, की तो स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर काढतो. मग असेच चार हिशेब, प्रत्येकानंतर लगेच पडताळा. पाचवा तो न सांगता मागतो.