स्वस्त हँडी आणि ‘परवानामुक्त’ हा शब्द: पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. फोनची बॅटरी संपली आणि चार्जिंगला वीज नाही, अशा रात्री ज्यांनी काढल्या, त्यांतले कितीतरी जण नंतर मला एकच प्रश्न विचारत आले: ऑनलाइन मिळणारा तो स्वस्त वॉकीटॉकी घेऊन ठेवावा का? उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी हा सेट एवढा स्वस्त कसा झाला, तिथपासून सुरुवात करावी लागते.

कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाच्या काळात हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणारी माणसं, टेबलावरचा जड सेट वापरत, बराचसा हाताने बांधलेला. पुढे हातात धरायच्या जपानी हँडी आल्या. त्या उत्तम होत्या, पण नव्या शिकाऊला महिन्याच्या पगाराएवढ्या पडायच्या. तेव्हा सेट जोखण्याचा प्रश्नच नव्हता. कुणाकडे हँडी आहे, एवढंच बघायचं.

चित्र पालटलं २०१२ च्या सुमारास, यूव्ही-५आर या चिनी सेटमुळे. आधीच्या हँडीत वेगवेगळ्या टप्प्यांवर फिल्टर (नको त्या फ्रिक्वेन्सी गाळणारे) आणि मिक्सर (फ्रिक्वेन्सी बदलणारे) असत. ते बहुतेक काम इथे एका चिपमध्ये आलं आणि किंमत कोसळली. विद्यार्थी, शेतकरी, गडावर जाणारी मुलं या छंदात आली ती त्यामुळेच, आणि त्याबद्दल मला या सेटचं मनापासून कौतुक आहे.

पण चिप कितीही हुशार असली, तरी अँटेनाआधीचा फिल्टर बाहेरच बसवावा लागतो, आणि काटकसर नेमकी तिथे झाली. तुम्ही १४५ मेगाहर्ट्झवर बोलता तेव्हा थोडी ऊर्जा दुप्पट आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही निघते, म्हणजे २९० आणि ४३५ वर. अमेरिकी हॅम नियमांत पाच वॅटच्या अशा सेटसाठी ही गळती २५ मायक्रोवॅटच्या आत लागते, म्हणजे त्याच्या ताकदीच्या दोन लाखाव्या भागाएवढी. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती ऊर्जा निघते ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनलायझरवर लावल्यावर अनेक स्वस्त सेट त्यात नापास झाले. एकाच मॉडेलचे दोन नगसुद्धा वेगळे निघाले. त्यामुळे ‘माझा तर छान चालतो’ या शेऱ्याला फारसा अर्थ उरला नाही.

रिसीव्हरचंही तसंच. मोकळ्या नदीकाठी स्पष्ट येणारं स्टेशन मोबाइल टॉवरच्या बुडाशी गेलं की गुदमरतं. खोक्यावर मात्र वॅट मोठ्या अक्षरांत. पाचाचे आठ वॅट केले तर फरक पडतो दोन डेसिबलचा, कानाला जेमतेम कळेल एवढा. अजिंक्यताऱ्यावरून एक वॅटही लांब पोचतो. कोयनेच्या दरीत आठ वॅट पुढच्या वळणाला अडतात. तेव्हा पहिले पैसे चांगल्या अँटेनावर खर्च करावेत. घेताना सॉकेट बघावं: यूव्ही-५आरच्या सेटवर मधली पिन बाहेर आलेली असते, अनेक जपानी हँडींवर तिथे भोक असतं. चुकीची अँटेना घरी आली की ती बसतच नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त घोळ घातला तो ‘परवानामुक्त’ या शब्दाने. भारतात २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात अगदी कमी ताकदीचे वॉकीटॉकी परवान्याविना वापरायची मुभा दिली. सूट आहे ती त्या पट्ट्याला आणि त्या ताकदीला. दुकानदारांनी ती ‘वॉकीटॉकी’ या नावालाच चिकटवली. माझ्यासमोर एक खोकं आहे. त्यावर १३६–१७४ आणि ४००–५२० मेगाहर्ट्झ छापलंय. पहिल्या पट्ट्यातल्या ३८ मेगाहर्ट्झवर हा सेट बोलू शकतो. त्यातले हॅमचे फक्त दोन, १४४ ते १४६. दुसऱ्यातल्या १२० पैकी हॅमचे चार, ४३४ ते ४३८. बाकीच्या जागेत पोलिसांसह इतरांची सेवा चालते. कीपॅडवर आकडे दाबले की सेट तिथेही बोलतो. असा सेट परवानामुक्त कसा म्हणायचा?

दुसरी गाठ अशी की परवाना सेटला की माणसाला, हेच लोकांना उमगत नाही. हॅमचा परवाना परीक्षा दिलेल्या माणसाला मिळतो. तो खिशात असला तरी ४४६ वर पाच वॅट सोडायची मुभा मिळत नाही. सेटच्या प्रकाराला मिळणारं मान्यता प्रमाणपत्र ही तिसरीच गोष्ट, आणि सूट असलेल्या वॉकीटॉकीलाही ते लागतं. विक्रेते या तिन्हींना मिळून ‘लायसन्स लागत नाही’ म्हणत राहिले, आणि भरडला गेला भाबडा गिऱ्हाईक. माझ्या मते ही चूक गिऱ्हाइकाची कधीच नव्हती.

मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. जाहिरातीतच फ्रिक्वेन्सी सांगायची, प्रमाणपत्र असल्याची खात्री करायची आणि परवान्याबद्दल दिशाभूल करायची नाही, हे बंधन आता विक्रेत्यावर आणि त्याला जागा देणाऱ्या संकेतस्थळावर आलं. पूर ओसरल्यावर माझ्याकडे आलेल्यांना मी सांगितलं तेच आताही सांगतो: आधी परीक्षेचा अर्ज भरा, मग सेट घ्या. तोवर कुणा हॅमच्या शेजारी बसून नुसतं ऐका.